तपासल्याशिवाय

आईनं बाही वर केली. डॉक्टरनं पाहिलंसुद्धा नाही. टेबलापलीकडूनच विचारलं, "काय होतं?"

"डोकं लय दुखते साहेब. चक्कर येते."

गोळ्या लिहिल्या. कागद टेबलावर सरकवला. "चला, पुढचा."

आमच्या आधी उंद्रीकडची एक पाटलीणबाई होती. तिचं बीपी मोजलं, पाठीला नळी लावली, सुनेची चौकशी केली.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "लाईन मोठी हाये ना बाई. त्याइले टाइम नसन."

मला पटलं नाही. पण खात्रीही नव्हती. मग माणूस स्वतःवरच संशय घेतो. मीच उगाच जातीचं काढून राह्यली का?

पुढच्या दोन खेपांना मी फक्त बघत बसले. कागद करताना कंपाउंडर नाव, आडनाव, गाव विचारायचा. आम्हाला आणखी एक विचारायचा, "गावातले का विहाराकडले?"

"काऊन विचारता?" मी म्हटलं.

"असंच."

असंच! आत डॉक्टर कागदावरचं आडनाव वाचायचा. मग त्याचा हात एक तर नळीकडं जायचा, नाहीतर थेट पेनाकडं. आईच्या वेळी दोन्ही खेपांना पेनाकडं.

चौथ्या खेपेला आई दारातच भेलकांडली. एका डोळ्यानं धूसर दिसतं म्हणाली. डॉक्टरनं पेन उचललं. मी आईला स्टुलावर बसवलं. तिची बाही मीच वर केली.

"आधी बीपी मोजा."

"डॉक्टर तुम्ही की मी?"

"तुम्हीच. म्हणून तर म्हणते, हात लावा."

कंपाउंडर धावत आला, आईवर खेकसला. "ए बाई, ऊठ. भाईर लोकं थांबले."

"थांबू दे," मी म्हटलं.

बाहेरचे सगळे ऐकत होते. आई माझा पदर ओढत होती. मी हलले नाही.

त्यानं पट्टा बांधला. मोजलं. परत मोजलं. चेहरा उतरला.

"इतकं वाढलंय! आधी का नाही सांगितलं?"

त्याच दुपारी आईला बुलढाण्याला नेलं. जीव वाचला. उजव्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच.

आता आमच्या वस्तीतलं कोणीही म्हातारं माणूस त्या दवाखान्यात निघालं की शिलाई मशीन बंद करून मी सोबत जाते. डॉक्टर हसून म्हणतो, "या ताई, बसा." त्या हसण्यावर माझा काडीचा भरवसा नाही. मी बसत नाही. त्याच्या हाताकडं बघत उभी राहते. आमच्या माणसाला हात लावून तपासल्याशिवाय तिथून मी हलणार नाही, आणि पुढच्याला आत येऊ देणार नाही.