रिप्लायनंतरचा टू

देवगडहून मी अंधेरीला नोकरीला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. औषधांच्या एका छोट्या कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले आणि विलेपार्ल्याला बायकांच्या हॉस्टेलमध्ये राहू लागले. टायपिंगला वेग होता, पण शाळा मराठी, त्यामुळे इंग्रजी कच्चं. ऑफिसातल्या मुली दुपारी इंग्रजीत गप्पा मारायच्या. त्यांच्यात बसून नुसतं हसत राहायचं जिवावर यायचं, म्हणून मी माझ्या टेबलावरच डबा उघडायची. कित्येक दिवस बस कंडक्टरशी बोलले तेवढंच.

एकदा साहेबांनी एक पत्र माझं मलाच लिहायला सांगितलं. मी ‘डिस्कस अबाउट’ लिहिलं. त्यांनी त्यावर तांबडा गोल केला आणि सगळ्यांदेखत विचारलं, कुठल्या शाळेत होतीस?

त्या दुपारी शेजारच्या टेबलावरच्या स्टेनोबाई डबा घेऊन माझ्यापाशी आल्या. पन्नाशी उलटलेल्या, मालाडच्या ख्रिश्चन बाई. सगळे त्यांना आंटी म्हणत.

“डिस्कसला काही लागत नाही,” त्या म्हणाल्या. “लिसनला टू लागतो. उद्यापासून रोज पाच करायचे.”

त्या क्रियापद सांगायच्या, मी जेवताजेवता वाक्य करायची. एक दिवस ‘लिव्ह विथ’ आलं. मी म्हटलं, आय लिव्ह विथ हॉस्टेल.

“हॉस्टेलला इन. विथला माणूस पाहिजे.”

मला माणूस सुचेना. “मलापण सुचत नाही गं,” आंटी म्हणाल्या आणि रविवारी घरी जेवायला बोलावलं.

पुढची दोन वर्षं बहुतेक रविवारी मी मालाडला असायची. मग त्या रिटायर झाल्या आणि बहिणीकडे गोव्याला गेल्या. मी त्यांना इंग्रजीत पत्र लिहायची. त्या ते पेन्सिलीने तपासून परत पाठवायच्या. हळूहळू खुणा कमी झाल्या. एकदा तर पत्र परत आलंच नाही, दोन वाकड्यातिकड्या ओळींचं कार्ड आलं: सगळं बरोबर आहे. मला आनंद व्हायला हवा होता, पण फार एकटं वाटलं. पुढच्या पत्रात मी मुद्दाम रिप्लायनंतरचा टू गाळला.

तीन आठवड्यांनी ते पत्र परत आलं. टू घातलेला होता, पण अक्षर आंटींचं नव्हतं. खाली बहिणीने लिहिलं होतं, हिला आता दिसत नाही. मी वाचून दाखवते, ती चुका सांगते.

मी लगेच उत्तर लिहायला बसले. चूक मुद्दाम केली होती, हे मात्र लिहिलं नाही.