देशोदेशीच्या शाळा आणि आमच्या मुलीची पहिली

सार्वजनिक शिक्षण म्हणजे काय, हे मी गेली बारा वर्षं बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवतो. आजवर एकाही विद्यार्थ्याने मला उलट प्रश्न विचारलेला नाही, त्यामुळे हा विषय आपल्याला येतो अशी माझी समजूत झाली होती. गेल्या उन्हाळ्यात ती मोडली. मोडणारी व्यक्ती माझ्याच घरात राहते आणि कसब्यातल्या महापालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवते.

मे महिन्यात लोकांच्या बायका माहेरी जातात, माझी बायको दारोदार जाते. पालिकेच्या शाळेतल्या शिक्षकांना पुढच्या वर्षीची मुलं स्वतः गोळा करावी लागतात. पट भरला तर वर्ग राहतो. पहिलीला वीस मुलं हवी होती आणि अठराच झाली होती. वीस झाली नाहीत तर वर्ग नदीपलीकडच्या शाळेला जोडणार, असा तोंडी निरोप वरून आला होता. लेखी निरोप बदलता तरी येतो, तोंडी निरोपाला कुठे अर्ज करायचा तेच कळत नाही. सहा वर्षांच्या मुलांनी रोज पूल ओलांडून कसं जायचं, हे त्या निरोपात नव्हतं.

एका सकाळी मीही तिच्याबरोबर निघालो. प्रवेश अर्जांचा गठ्ठा धरणं एवढंच काम मला दिलं होतं. तांबट आळीत एका दारात "आमच्याकडे सेमी इंग्रजी आहे" हे वाक्य तिने चार वेळा म्हटलं, कारण पलीकडे पातेल्यावर ठोके पडत होते. पाचव्या वेळी ठोके थांबले आणि ती सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली. दोन घरं सोडून एका आजोबांनी खिडकीतून सांगितलं, "कळलं. आमची नातवंडं अमेरिकेत आहेत."

शेवटचं घर दुसऱ्या मजल्यावरची एक खोली होती. यवतमाळकडचं कुटुंब. नवरा मार्केट यार्डात हमाल, बायको एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. तिची मुलगी दाराआडून एका डोळ्याने आमच्याकडे बघत होती. त्या बाईने आम्हाला पाणी दिलं, गणवेशापासून खिचडीपर्यंत सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मॅडम, तुमचीबी पोरगी हाय ना येवढीच? ते कोनत्या शाळेत जानार जी?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी गठ्ठ्याकडे पाहिलं.

"अजून ठरायचं आहे," मी म्हणालो.

"मंग ठरू द्या. तुमची टाका, मंग माही टाकतो."

खरं म्हणजे माझ्या मनात ठरलेलं होतं. आमच्या मुलीचं नाव एका कॉन्व्हेंटच्या यादीत लागलं होतं आणि मेअखेरपर्यंत कागदपत्रं देऊन प्रवेश पक्का करायचा होता. लहान मुलांची मुलाखत घ्यायला कायद्याने बंदी आहे, म्हणून तिथे 'इंटरॅक्शन' घेतात. मुलाखतीत मुलाला घाम फुटतो, इंटरॅक्शनमध्ये बापाला, एवढाच फरक. मी मुलीकडून महिनाभर रंग, फळं आणि प्राणी इंग्रजीत घोटून घेतले होते. मुख्याध्यापिका असलेल्या सिस्टरनी तिला माझ्यापेक्षा शुद्ध मराठीत विचारलं, "शाळेत आल्यावर तुला काय करायला आवडेल?" मुलगी म्हणाली, "घरी जायला." सिस्टर खळखळून हसल्या आणि नावापुढे बरोबरची खूण केली. जिराफाचं इंग्रजी कोणी विचारलंच नाही.

बाहेर आलो तर फाटकाशी शाळेची नवी बस उभी होती. तिला झेंडूचा हार घातलेला, पुढे लिंबू-मिरची आणि चाकाखाली फुटलेला नारळ. ही धार्मिक शाळा. बायकोची शाळा सरकारी, म्हणजे राज्यघटनेप्रमाणे तिथे धर्माचं शिक्षण देता येत नाही. तिथे सरस्वतीपूजन होतं, ईदला शीरखुर्मा येतो, चौदा एप्रिलला भाषणं होतात आणि नाताळात शिपाईमामा सांताक्लॉज होतात. कोणताच धर्म शिकवायचा नाही म्हणून सगळ्यांचं गोडधोड खायचं, असा त्या शाळेने घटनेचा अर्थ लावला आहे. मला तो पटतो, आणि मी तो वर्गात सांगतोही.

घरी मात्र बायकोने "मग मुलीचं काय करायचं?" असं विचारलं की मी म्हणायचो, "हे बघ, हॉलंडमध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथे सरकार चर्चच्या शाळेलाही सरकारी शाळेइतकेच पैसे देतं. हिंदूंच्यासुद्धा शाळा आहेत, सरकारी खर्चाने." ती कणीक मळत राहायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. मग मी फ्रान्सला जायचो. तिथल्या सरकारी शाळेत मुलांनी धर्माची ठळक खूण अंगावर घालायची नाही, इतकं कडक. आणि तेच सरकार बहुतेक कॅथलिक शाळांमधल्या शिक्षकांचा पगार देतं. तिसऱ्या दिवशी इंग्लंड. तिथे कितीतरी सरकारी शाळा चर्चच्याच आहेत, आणि चांगल्या शाळेत नंबर लागावा म्हणून एरवी देवाला न मानणारे आईबाप रविवारी मुकाट्याने चर्चमध्ये बसतात. "म्हणजे आपल्यासारखेच," ती म्हणाली. अमेरिकेची पाळी आली तेव्हा कणीक संपली होती.

आता लिहितोच आहे तर खरं लिहितो. माझा प्रश्न धर्माचा नव्हता, इंग्रजीचा होता. मी मराठी शाळेतून आलो. एकदा बंगळुरूच्या परिषदेत निबंध वाचून झाल्यावर एका बाईंनी इंग्रजीत साधा प्रश्न विचारला, आणि मला उत्तर येत असूनही वाक्य येईना. मी "येस" म्हणून खाली बसलो. प्रश्न 'येस'चा नव्हता. ते 'येस' अजून माझ्या घशात आहे आणि मुलीच्या घशात ते अडकू नये असं मला वाटत होतं. हे बायकोला सांगायची लाज वाटायची. त्यापेक्षा हॉलंड बरं.

अशात मला आमच्या भागातल्या उन्हाळी व्याख्यानमालेचं बोलावणं आलं. विषय, 'देशोदेशींचे सार्वजनिक शिक्षण आणि धार्मिक शाळा'. हे व्यासपीठ मिळणं हा पेठेत मान समजला जातो. मी नवीन शाई भरून शाईचं पेन खिशाला लावलं. ते पेन माझी हौस आहे. मी सही करायला लागलो की "आता पाच मिनिटं कोणी बोलू नका" असं बायको म्हणते.

सभागृहाच्या दारावर फलक होता: 'प्रश्न लेखी द्यावेत. प्रश्नातच उत्तर देऊ नये. खुर्च्या आपण आणलेल्या नसल्याने हलवू नयेत.' सगळे श्रोते निवृत्त, सगळे वेळेच्या दहा मिनिटं आधी आलेले. बायको मुलीला मावशीकडे सोडून आली आणि मागच्या रांगेत बसली.

भाषण रंगलं, असं मी म्हणतो. हॉलंडला लोकांनी माना डोलावल्या, फ्रान्सला भुवया उंचावल्या, इंग्लंडच्या रविवारी सगळे हसले. शेवटी मी आवाज थोडा खाली आणला. "सरकार पैसे कोणाला देतं यावर सार्वजनिक शाळा ठरत नाही. ज्या शाळेत समाजातला प्रत्येक जण आपलं मूल बेलाशक पाठवतो, ती सार्वजनिक शाळा," असं म्हणालो. टाळ्या पडल्या. मलाही ते वाक्य आवडलं.

मग अध्यक्षांनी चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. पहिली, 'वक्ते स्वतः हॉलंडला गेले आहेत काय?' नव्हतो गेलो. दुसरी, 'डावीकडचा पंखा वक्त्यांकडेच का?' तिसऱ्या चिठ्ठीत एका गृहस्थांनी फलकाला न जुमानता प्रश्नात उत्तर दिलं होतं, आणि ते माझ्या उत्तरापेक्षा चांगलं होतं. चौथी चिठ्ठी अध्यक्षांनी उघडली, चष्मा सारखा केला आणि वाचली, "आपली मुलगी जूनमध्ये कोणत्या शाळेत जाणार?"

चिठ्ठी त्यांच्या हातात होती तरी अक्षर मला दिसलं. गोल, ठसठशीत, रेघेला धरून. शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार ज्या अक्षरात असतो आणि आमच्या फ्रिजवर 'दूध उतू घालवू नये' ज्या अक्षरात असतं, ते. मी मागच्या रांगेकडे पाहिलं. बायको पदराने वारा घेत होती आणि माझ्याकडे इतर श्रोत्यांसारखीच बघत होती.

"अजून ठरायचं आहे," मी म्हणालो.

पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी काठी टेकली. "मग व्याख्यानही ठरल्यावरच ठेवायचं होतंत."

लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

सत्काराचा नारळ हातात घेऊन मी बायकोबरोबर घराकडे निघालो. पहिल्याच वळणावर मी म्हणालो, "चिठ्ठी तुझी होती."

"हो."

"घरी विचारायचं होतंस."

"घरी विचारलं की तू हॉलंडला जातोस. इथे निदान व्यासपीठावरून उतरता येत नव्हतं."

मला राग आला. मग त्या आजोबांचा आला. वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टचाही आला, कारण ती बंद होती. चार जिने चढताना दम लागला आणि राग एकेका मजल्यावर राहून गेला. तिसऱ्या मजल्यावर थांबून मी तिला बंगळुरूचं सांगितलं, 'येस'सकट. ती हसली नाही. म्हणाली, "एवढंच होतं? मग फ्रान्स कशाला काढलास इतके दिवस? इंग्रजी तुला शिकवायची राहिली, मुलीची मी बघेन. आणि आमच्या पोरांना प्रश्न विचारलेला कळला नाही तर ती 'कळला नाही' म्हणतात. ते आधी शिकवते मी."

सकाळी ती उठायच्या आत मी फ्रिजवर चिठ्ठी लावली. प्रश्न लेखी आला होता, तेव्हा उत्तरही लेखी द्यायला हवं होतं. लिहिलं, 'आपली मुलगी जूनमध्ये तुझ्या शाळेत जाईल.' अंघोळ करून आलो तर चिठ्ठीवर लाल पेनाने बरोबरची खूण होती आणि खाली शेरा होता, 'उशीर झाला'.

"चल," ती म्हणाली, आणि अर्जांचा गठ्ठा पुन्हा माझ्या हातात दिला.

आम्ही त्या यवतमाळच्या बाईच्या घराखाली पोचलो. जिन्यापाशी बायको थांबली. माझ्या हातातल्या गठ्ठ्यातला सगळ्यांत खालचा अर्ज तिने ओढून काढला. तो भरलेला होता. आमच्या मुलीचं नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं त्याच गोल अक्षरात. तारीख एप्रिलमधली. फक्त सहीची जागा रिकामी होती.

तो अर्ज मी स्वतः दारोदार वाहिला होता. प्रत्येक दारात ती इतरांकडे त्यांची मुलं मागत होती, तिचं स्वतःचं उत्तर माझ्या हातातल्या गठ्ठ्याच्या तळाशी होतं, आणि मी म्हणत होतो, अजून ठरायचं आहे. मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सही तुझीही चालली असती," मी म्हणालो.

"चालली असती. पण प्रत्येक घरात मी आईबाप दोघांना पटवते. आपल्याच घराला सूट कशाला?"

खाली कोणाची तरी स्कूटर उभी होती. तिच्या सीटवर अर्ज ठेवून मी शाईच्या पेनाने सही केली. घाईत शाई जरा जास्तच उतरली. बायकोने आयुष्यात पहिल्यांदा मला सही करताना टोकलं नाही.

वर गेलो. त्या बाईचे हात पिठाचे होते. तिने ते पुसून अर्ज दोन्ही हातांत घेतला. सावकाश वाचला. मुलीचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव. मग सहीवरून अंगठा फिरवला. अंगठा निळा झाला. तो तिने आधी बायकोला दाखवला, मग मला.

"सही तं ओलीच हाय जी," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. एकही देश आठवला नाही.

तिने अंगठा पदराला पुसला आणि दाराआडच्या मुलीला हाक मारली, "ये वं इकडं, मॅडमला नाव सांग तुयं."