नऊ जणांची गाडी

कोऱ्हाळ्याहून अमेरिकेला निघालो, त्या दिवशी मोठेपणाच्या भरात भेटेल त्याला म्हणालो, "चला की मुंबईपर्यंत." माणसं खरंच आली. मामांच्या जीपमध्ये अकरा जण बसले आणि गाडी सुरू झाल्यावर ध्यानात आलं, आईला जागाच नाही. चढलेल्या पाहुण्याला उतर म्हणायची आमच्यात रीत नाही. आई खिडकीशी येऊन म्हणाली, "जा लेका, मी हितनंच बघते."

पुढं मिशिगनच्या जुन्या बाजारात, माझ्या जन्माआधीच्या मासिकांत मोटारींच्या जाहिराती सापडल्या आणि मी भुललो. हातानं रंगवलेली चित्रं. पिस्ता रंगाची लांबलचक गाडी, दारांवर लाकडाची नक्कल, पुढं क्रोमचे दात. टोपीवाला बाप, हातमोजे घातलेली आई, दोन पोरं, कुत्रं. सगळं घर मावेल असं वचन.

चित्रकार गाडीतली माणसं मुद्दाम बारकी काढायचे, म्हणजे गाडी ऐसपैस दिसे. हे कळलं तोवर तसलीच एक गाडी घेऊन बसलो होतो. गराजमध्ये मावेना, शेपूट बाहेर. बायको भिगवणची, धरणाच्या मासळीवर वाढलेली. गाडीच्या मागचे माशासारखे उंच पर बघून म्हणाली, "चिलापी आणलीत व्हय? साफ कोण करणार?"

घेतली होती आईसाठी. आई येत नाही. "तितं मी बोलू कुणाशी?" म्हणते. मलाही जाता येत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पिकले. एकदा गावी गेलो की परतायला व्हिसाचा नवा शिक्का लागतो; तो मिळून परत आत घेतील, याची खात्री वकीलही देत नाही. मग नऊ जणांच्या गाडीत मी एकटाच बसतो, मागं तोंड केलेल्या शेवटच्या सीटवर. समोर शेजाऱ्याचं कचऱ्याचं पिंप. घर म्हणजे काय, याचा विचार मी हल्ली तिथंच करतो. ते हलत नाही आणि त्यातून उतरताही येत नाही.

गेल्या आठवड्यात आई पडली. व्हिडिओवर म्हणाली, "काय न्हाय झालं, तू कामावर जा." पण फोन वहिनीनं धरला होता आणि आई आडवी होती.

त्या संध्याकाळी मी उगाच जाहिरातींची फाईल काढून बसलो. बायको शेजारी टेकली. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली, फाईल मिटली.

"अहो, ह्यात कुत्र्यालाबी खिडकी हाय. म्हातारं माणूस एकातबी न्हाय. तुमी जावा आईंकडं. परत येऊ दिलं न्हाय, तर मी येते की मागनं."