माठ भरायची पाळी

धरणगावजवळच्या त्या गावात मी शिक्षिका म्हणून गेले, तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमचं घर बौद्ध. सभा-मोर्चांत वाढलेली मी. कुणी फार गोड बोललं की आधी सावध व्हायचे.

शाळेचा माठ मुलीच हापशावरून पाणी आणून भरायच्या. रोज दोघींची पाळी. गावातल्या आमच्या बौद्ध वस्तीतल्या मुलींच्या हातात मात्र कायम झाडू. त्यांच्यातली सहावीतली एक मला म्हणाली, तिला एकदा तरी माठ भरायचाय. मी भांडायच्या तयारीनेच मुख्याध्यापकांकडे गेले, तर ते हसून लगेच हो म्हणाले. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

सोमवारी तिची पाळी होती. शनिवारीच व्हरांड्यात तोटीची टाकी बसली. गावातल्या एका बागायतदार आबांची देणगी. टाकी शिपाई भरणार, माठ अडगळीत. आता कुणी कुणाच्या हातचं प्यायचा प्रश्नच उरला नाही, असं आबा भाषणात म्हणाले आणि या सुधारणेबद्दल चक्क माझा सत्कार केला. शाल पांघरून मी आतल्या आत जळत बसले. समोर ती मुलगी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती.

सोमवारी मी घरचा माठ नेऊन टाकीशेजारी ठेवला. तिने तो भरला, पहिला पेला मी प्यायले. टाकी असताना हे कशाला, असं मुख्याध्यापकांनी विचारलं. पाणी गार लागतं, म्हटलं.

मग रोज तीच तो भरू लागली. बाकी सगळे तोटीला रांग लावत. तरी दुपारपर्यंत माठ निम्मा व्हायचा. माझा संशय शिपायावर; तोच ओतून देत असणार. त्याला रंगेहाथ पकडायचं म्हणून एकदा मधल्या सुट्टीत मी वर्गाच्या दाराआड थांबले.

शिपाई फिरकलाच नाही. आली ती आबांची नात. इकडेतिकडे पाहून तिने पेला बुडवला. मी पुढे झाले तशी ती दचकली.

"बाई, मना घर सांगू नका."

मी काही बोलायच्या आतच, माठ भरणारी माझी विद्यार्थिनी खांबाआडून पुढे आली. लपून प्यायला येणाऱ्या अशा सगळ्यांसाठी रोज तीच राखण करत होती.

"कोनले सांगत नही आम्ही. पी तू."

नात निवांत प्यायली. मला आनंद व्हायला हवा होता. आला तो राग. आपल्या हातचं पाणी लोकांनी लपूनच प्यायचं असतं, हे माठ भरणाऱ्या त्या पोरीने मला न विचारता कबूल करून टाकलं होतं.