कर्तामास्तर

आमच्या मास्तरांपुढे "कप फुटला" असं म्हणायची सोय नव्हती. लगेच चष्मा कपाळावर जायचा आणि प्रश्न यायचा, "कोणी फोडला?" दूध उतू गेलं म्हणा, छत्री हरवली म्हणा, दार उघडं राहिलं म्हणा, मास्तर विचारणारच. "राहिलं? दार काय स्वतःच्या मनाने राहतं? कोणी ठेवलं?" बरं, रागावणं वगैरे काही नाही. फोडणाऱ्याने "मी" म्हटलं की चष्मा पुन्हा नाकावर. "झालं तर मग," एवढंच म्हणायचे आणि कामाला लागायचे. त्यांना कपाचं काही नव्हतं हो, त्यांना वाक्यातला कर्ता हवा असायचा.

म्हणून सोलापुरात त्यांचं नाव कर्तामास्तर पडलं. (पडलं नाही, पोरांनी पाडलं. बघा, अजून सवय जात नाही.) शाळेत ते व्याकरण शिकवायचे. कुठल्याशा स्वराज्याच्या सभेत जाऊन बसले म्हणून शाळेने त्यांना घरी बसवलं. मी आपला सांत्वनाला गेलो आणि म्हणालो, "मास्तर, नोकरी सुटली म्हणे." ते म्हणाले, "सुटायला ती काय गाय आहे? त्यांनी काढलं मला." आणि मग, अगदी थकलेल्या आवाजात, "एक साप्ताहिक काढायचं म्हणतोय. छापाल का?"

मी छापखानदार. लग्नपत्रिका, दुकानांच्या पावत्या, गड्ड्याच्या जत्रेत तंबू लावणाऱ्यांच्या जाहिराती, असलं छापून सुखात असलेला माणूस. नाही म्हणायला हवं होतं, पण "हो" म्हणून बसलो. त्या दिवसापासून माझ्या छापखान्यातलं एक स्टूल मास्तरांचं झालं आणि माझी झोप देशाची झाली.

तुम्हाला वाटेल, सरकारशी झुंजणारा संपादक म्हणजे डोळ्यांत अंगार, आवाजात गर्जना. छे! मास्तर कायम दमलेले. बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यायचे. चार ओळी लिहिल्या की पेन खाली ठेवून म्हणायचे, "दमलो हो, छापखानदार. ह्या लोकांना रोज तेच तेच सांगायचं आणि त्यांनी रोज तेच तेच करायचं." मी म्हणायचो, "मग सोडून द्या ना!" तर म्हणायचे, "दमलोय म्हणालो. संपलंय कुठं म्हणालो?"

त्यांच्या तावडीतून लग्नपत्रिकासुद्धा सुटायच्या नाहीत. 'आमचे येथे श्रीकृपेकरून अमुक यांचा शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे.' मास्तर तपासायचं मुद्रित हातात घेऊन विचारायचे, "योजिले आहे, पण कोणी?" मी वैतागून म्हणायचो, "मुलीच्या बापाने, मास्तर! आणखी कोण योजणार?" ते म्हणायचे, "मग त्याचं नाव खाली बारीक अक्षरात आणि देवाचं वर ठळक, हे कसं? उद्या जावई दारुडा निघाला तर देवाकडे बोट दाखवायला मोकळे." आमचा नरसय्या, छपाईचे खिळे जुळवणारा, तेलुगू साळ्याच्या घरचा. त्याच्या हातून एकदा जुळवलेलं अख्खं पान सांडलं. मास्तरांचा प्रश्न तयारच होता, तर तो घाबरून म्हणाला, "वारा पाडला की, मास्तर." मास्तर पोट धरून हसले. "वाऱ्याने पाडलं म्हण रे. पण चला, वाऱ्याचा का होईना, कर्ता तरी दिलास." इतकं हसताना मी त्यांना फार वेळा पाहिलं नाही.

मास्तरांच्या घरी मात्र वहिनींचा पारा चढलेला. माउली जिभेची तिखट, आमच्याकडच्या शेंगाचटणीसारखी. नवऱ्याला शाळेतून काढल्यापासून ती शिकवण्या घेऊन, पापड लाटून चूल चालवत होती. मी दिसलो की ऐकवायची, "भाऊजी, सगळ्या गावाच्या वाक्यातला कर्ता शोधून झाला असेल तर त्यांना म्हणावं, घरच्या कर्त्या पुरुषालाही जरा शोधा. बरेच दिवस दिसला नाही." मास्तर खाली मान घालून कडक भाकरी मोडत बसायचे. कधीतरी हळूच म्हणायचे, "वाक्य बिनचूक आहे हो तिचं."

मग तो उन्हाळा आला. गिरणीच्या रस्त्यावर मोठा जमाव जमला आणि गोळीबार झाला. झाला म्हणालो ना मी? मास्तर असते तर इथेच धरलं असतं. माणसं मेली. कोणी बघायला गेलेलं, कोणी पाळी संपवून घरी निघालेलं. दुसऱ्या दिवशी सरकारी खुलासा आला, सगळ्या पत्रांनी छापावा म्हणून: 'जमाव पांगवीत असता गोळ्या सुटल्या व काही इसम दगावले.'

मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "काय सुंदर मराठी आहे, बघा. गोळ्या आपण होऊन सुटतात. इसम आपण होऊन दगावतात. कोणी कोणाला काही केलेलंच नाही. आणि पुढच्या पिढीला हेच वाचायला मिळणार." मी हात जोडले. म्हटलं, "मास्तर, एक शब्द आहे हो. 'सुटल्या' तर 'सुटल्या'. लोकांना काय ते कळतंच." ते म्हणाले, "छापखाना तुमचा आहे. तुम्ही म्हणाल तसं. फक्त मला एवढं दाखवून द्या, कोणती बंदूक आपली आपण सुटते?" अंकात पहिल्या पानावर छापलं: 'पोलिसांनी गोळ्या झाडल्या. माणसे मारली.'

गावात मार्शल लॉ आला तो त्यानंतर. डोक्यावर पांढरी टोपी दिसली तरी धरून नेत होते. आमच्या भागाचा फौजदार वैरागकडचा, मास्तरांच्या हाताखाली शिकलेला. पकडायच्या आधी बिचारा साध्या कपड्यांत छापखान्यात आला. मास्तरांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मास्तर, वरनं हुकूम आलाय. पर लई सोपं हाय की. माफी मागू नका, तुमाला ते जमायचं न्हाय, मला ठावं हाय. फकस्त लिवून द्या, 'सदर मजकूर चुकून छापला गेला.' कर्मणी प्रयोग. तुमीच शिकवलाय!"

मास्तरांचा चेहरा खुलला. खरंच सांगतो, अटक करायला आलेल्या माणसाकडे इतक्या कौतुकाने बघणारा आरोपी मी दुसरा पाहिला नाही. म्हणाले, "शाबास रे. लक्षात ठेवलंस. पण ऐक, 'मी मजकूर छापला' हाही कर्मणीच प्रयोग आहे. क्रियापद मजकुराच्याच मागून जातं. फरक एवढाच, ह्या वाक्यात मी आहे. तुझ्यात नाही." फौजदार डोळे पुसत गेला आणि संध्याकाळी गणवेशात येऊन आम्हा दोघांनाही घेऊन गेला.

कोर्ट लष्कराचं. गोरा साहेब, टेबलावर कागदांचा ढीग, बाहेर माणसांची रांग, आणि शेजारी घामाने निथळणारा दुभाष्या. दुभाष्याने विचारलं, "हा मजकूर तुमच्या पत्रात छापला गेला, हे खरं आहे काय?"

मास्तर म्हणाले, "नाही."

दुभाष्याने 'नो' म्हणून सांगितलं. साहेबाने मान वर केली. भलताच माणूस धरून आणलाय की काय, असं त्याच्या तोंडावर दिसलं. कंटाळला होता तोही. एक प्रकरण कमी झालं तर त्याला हवंच होतं. त्याने कागद बाजूला सारला आणि पुढच्याला बोलवायला हात उचलला. माझ्या मागे उभा असलेला फौजदार पुटपुटला, "आता गप ऱ्हावा, मास्तर, देवाशप्पत गप ऱ्हावा." मी त्यांच्या कोटाची कड ओढली. आयुष्यात एकदा तरी व्याकरण बाजूला ठेवून, वहिनींच्या नवऱ्यासारखे घरी चला हो!

पण मास्तर दुभाष्याला म्हणाले, "अहो, वाक्य पुरं होऊ द्या. छापला गेला नाही. मी छापला. नीट सांगा त्यांना."

दुभाष्याने कपाळावर हात मारला आणि नीट सांगितलं. साहेबाने कागद पुन्हा पुढे ओढला. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, आणि हा? मी तोंड उघडतोय तोच मास्तरांनी आपली जड वहाण माझ्या पावलावर दाबली. "मी लिहिला, मी तपासला, मी छापला. यंत्र तेवढं यांचं." दर अग्रलेखात 'आम्ही' लिहिणारा तो माणूस. 'आम्हांस वाटते', 'आम्ही विचारतो'. त्या एका दिवशी 'मी' म्हणाला आणि मला वाक्याबाहेर काढलं. त्यांना सक्तमजुरी झाली आणि माझ्या छापखान्याला सील लागलं.

मार्शल लॉ उठल्यावर बरेच खेटे घातले तेव्हा कुलूप उघडलं. राजकीय एक अक्षर छापणार नाही, छापलं तर यंत्रासकट सगळं सरकारजमा, असं लिहून द्यावं लागलं. मी पुन्हा लग्नपत्रिका छापायला लागलो. मास्तरांचं स्टूल तसंच ठेवलं. नरसय्या रोज त्यावरची धूळ झटकायचा, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मास्तर परत आले ते ओळखू येईनात. तुरुंगात त्यांना दळणाला लावलं होतं. छातीतून असा आवाज यायचा की शेजारी बसवत नसे. मी म्हटलं, "सुटलात एकदाचे, मास्तर." त्यांनी हात हलवला. "सुटलो नाही हो. सोडलं त्यांनी. आत मेलो तर मेलेला माणूस त्यांच्या खात्यावर पडतो ना, म्हणून मरायला घरी पाठवलंय." वहिनी पलीकडे गरम पाणी घेऊन उभी होती. माउली काही म्हणजे काही बोलली नाही. तिची जीभ तिखट होती ते दिवस बरे होते, असं मला वाटलं. थोड्याच दिवसांत, गिरणीचा सकाळचा भोंगा होत असताना, मास्तर गेले.

गावातल्या दुसऱ्या एका वर्तमानपत्राने चौकट दिली. 'अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.' मी तेराव्याची पत्रं छापायला घेतली. आमच्याकडे त्या मजकुराचं पान जुळवलेलंच असतं, नाव आणि तिथी तेवढी बदलायची. वहिनी मुद्रित बघायला आली. डोळ्यांपाशी धरून वाचायला लागली, '...यांस देवाज्ञा झाली.' आणि थांबली.

"भाऊजी," ती म्हणाली, "देवाज्ञा कशी हो? देवाने काय केलंय?"

मी म्हटलं, "वहिनी, अशी लिहायची पद्धत आहे."

"असेल. पण कर्ता चुकलाय." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती हमसून हमसून रडली. "जन्मभर मी त्यांना बोलले ह्या कर्त्यावरून. आता त्यांच्याच पत्रात देवावर आळ घालू?"

मी खिळ्यांच्या पेटीशी गेलो. नरसय्या पुढे आला, त्याला म्हटलं, "तू नको. तू आज घरी जा. हे मी जुळवतो." कित्येक वर्षांत मी खिळ्यांना हात लावला नव्हता. बोटं अडखळत होती, डोळे भरून येत होते, एक ओळ दोनदा विस्कटली. शेवटी जमलं. 'यांना सरकारने तुरुंगात राबवून मारले.' आणि कायद्याप्रमाणे पत्राच्या खाली छापणाऱ्याचं नाव लागतं, तेही घातलं. वहिनीने ते वाचलं, पदराने तोंड पुसलं आणि पत्रं वाटायला स्वतः घेऊन गेली.

फौजदार आला तेव्हा मी मास्तरांच्या स्टुलावर बसलो होतो. लग्नपत्रिका छापून छापून, भिऊन भिऊन, मीही दमलो होतो. एक पत्र त्याच्या हातात होतं.

"ह्ये चुकून छापलं गेलं म्हना की," तो म्हणाला. "पाया पडतो तुमच्या. यंत्र जाईल तुमचं."

"छापलं गेलं नाही," मी म्हणालो. "मी छापलं."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग स्टुलाकडे. "झालं तर मग," असं अगदी हळू म्हणाला, आणि बाहेर उभ्या असलेल्या हवालदाराला सील आणायला हाक मारली.