तोंडलीवाले सर

मला सावरलं ते तोंडलीवाल्या सरांनी. काय झालं होतं ते पुढं सांगतोच, पण आधी त्यांचं नाव निघायला हवं. खरं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. शिरूरच्या एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे. दर रविवारी न्हावऱ्याच्या रस्त्यानं स्कूटरवर भांडगावला, मी कामाला होतो त्या नर्सरीत यायचे आणि गाडी स्टँडला लावता लावताच म्हणायचे, "थांब, आधी मोजू."

काय मोजायचं याला महत्त्व नसायचं. पिशव्या, पानं, चहाबरोबर आलेली भजी. एकदा वाटेत मेंढरं आडवी गेली म्हणून त्यांना उशीर झाला. आल्या आल्या म्हणाले, "एकशे बारा. त्यात दोन काळी." मेंढरंवाल्यानं हटकलं होतं म्हणे, "मास्तर, मोजू नगा, नजर लागंल." तर हे म्हणाले, "मग तुम्ही मोजा, मी ऐकतो."

अशा माणसाला आपण हसतो. मीही हसायचो, पण मनातल्या मनात. मी पुसदकडचा, सातवीत शाळा सुटलेला, इकडं ओळखीचं कुणी नाही. मालकानं नुसती हाक मारली तरी वाटायचं, आज काढून टाकणार. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा.

सर यायचे ते तोंडलीच्या मुळांसाठी. पिशवी अलगद फाडायची, मुळांची पांढरी, तांदळाच्या कणीएवढी टोकं कापायची आणि औषधाच्या नळीत टाकायची. मालक म्हणायचा, "लोक तोंडली खात्यात, आमचं सर मुळ्या नेत्यात."

त्या हिवाळ्यात खुटबावच्या एका शेतकऱ्यानं, आप्पांनी, तोंडलीची चारशे रोपं सांगितली. वेलींच्या काड्या कापून रुजवायचं काम माझ्याकडं आलं. थंडीत वेलीला फूल नाही, फळ नाही. मोडलेल्या मांडवातल्या जुन्या वेली मालकानं कुंपणाला लावल्या होत्या. त्यातल्या सहा सगळ्यात हिरव्यागार, जाड. मी त्यांच्याच काड्या घेतल्या. रुजल्याही झकास. मी खूश.

रोपं गुरुवारी जायची होती. त्याआधीच्या शनिवारी हौसाबाई, नर्सरीतल्या सगळ्यात जुन्या बाई, पिशव्यांपाशी येऊन बसल्या. "कुठल्या रं काड्या?"

"कुंपणाच्या."

"आरं, तिकडच्या समद्याच काय फळत न्हाईत. न्हाई फळत त्याच तर जास्त फोफावत्यात."

तोंडलीत नराची वेल वेगळी, मादीची वेगळी. नराला फूल येतं, फळ कधीच नाही. दहा माद्यांमागं एक नर पुरे. आणि फूल आल्याशिवाय कोण कोणता ते कळत नाही. आप्पांचा मांडव तारा ओढून तयार होता. त्यावर नुसता पाला चढला तर त्यांचा हंगाम गेला आणि माझी भाकरी गेली.

रविवारी सर आले, तर माझ्या तोंडून गावाकडची बोलीच बाहेर पडली. "सर, माह्या हातून घोळ झाला. मले आता काढून टाकतीन."

"थांब, आधी मोजू. काड्या किती वेलींच्या?"

"सहा."

"मिसळल्यास?"

मिसळल्या नव्हत्या. घाबरट माणसाची सवय असते. प्रत्येक वेलीची वेगळी ओळ लावून मी टोकाला खुणेची काठी रोवली होती. सर ओळी मोजत टोकापर्यंत गेले, परत आले.

"म्हणजे प्रश्न चारशे नाहीत," ते म्हणाले, "सहाच आहेत. जी वेल, तीच तिची प्रत्येक काडी. शाळा सोडलीस ती सोडलीस, ही सवय सोडू नकोस."

सहा ओळींची मुळं सहा नळ्यांत घालून त्यांनी नेली. मंगळवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून मी एसटीनं शिरूर गाठलं. सरांनी मुळाचं टोक रंगात बुडवलं, दोन काचांमध्ये ठेवलं, वर टिपकागद धरून अंगठ्यानं दाबलं आणि मला भिंगापाशी बसवलं. जांभळ्या काड्यांचे तुकडे सांडल्यासारखे दिसले. एक बाकीच्यांपेक्षा चांगलाच लांब.

"ही गुणसूत्रं. चोवीस असतात. तो लांब फक्त नरात असतो."

"येवढा मोठा, म्हणजे तोच मुख्य असंन?"

"मोठा आहे, शहाणा आहे असं नाही. त्यात तोच तोच मजकूर पुन्हा पुन्हा उतरलेला असतो. फळ्यावर एकच ओळ शंभरदा लिहावी तसा."

"मंग कोणी पुसत काहून नाही?"

"बाकीची जोडीनं असतात, एकमेकांशी ताडून घेतात. याला बऱ्याच लांबीत ताडायला जोडीदार नाही. चूक झाली की राहते, नक्कल झाली की साठते. किती साठलंय, कसं साठलं, ते अजून नीट कळलेलं नाही. म्हणून तर मी तुमच्याकडं येतो." मग काच बदलता बदलता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "माणसानंही एकट्यानं तेच तेच मनात लिहीत बसू नये. मला दाखवलंस ते बरं केलंस."

सहापैकी चार नर निघाले. दोन मादी.

मी म्हटलं, "मालकाले तुम्हीच सांगा."

"ओळी तू लावल्यास, तूच सांग. मी शेजारी उभा राहतो."

गुरुवारी आप्पा टेम्पो घेऊन आले तेव्हा सर खरंच शेजारी येऊन उभे राहिले, कॉलेज सोडून. मी सांगितलं. मालक लाल झाला. "सातवीवाल्याच्या हातात कात्री दिली, ही माझीच चूक."

आप्पा पिशव्यांकडं बघत होते. "आरं पर ह्यानं सांगितलं न्हवं? गुमान टेम्पोत भरलं आस्तं तर? मांडवाखाली नुसती सावली. गावानं माझी वरात काढली आस्ती." मग सरांकडं वळले. "मास्तर, ह्ये मुळीवरनं कळतं व्हय?"

"कळतं."

"मग मादीच्या दोन वळी आत्ता द्या, धा-बारा नर बी टाका. ऱ्हायलेली मागनं द्या, पर काड्या ह्याच्याच हातच्या पायजेत."

मालक चार चहा सांगायला निघून गेला. मला कुणी काढलं नाही.

बऱ्याच दिवसांनी सर सहज बोलून गेले की इनामगावच्या नदीकाठची तोंडलीची एक रानवेल त्यांच्या कामाला हवी होती. तिची मुळं त्याच आठवड्यात बघायची होती. माझ्या सहा वेलींपायी ती नळीतच खराब झाली. नंतर गेले तर कुणीतरी वेल तोडलेली. हे सांगताना ते तक्रार करत नव्हते, भजी मोजत होते.

पुढं ते निवृत्त झाले, मुलीकडं राहायला गेले. मी शिरूरला जाईपर्यंत भिंगाच्या खोलीत दुसरेच कुणी बसले होते. पत्ता त्यांनाही ठाऊक नव्हता.

इनामगावला मात्र मी तीन रविवार हिंडलो. नदीच्या अंगाला एका बाभळीच्या बुडाशी तोंडलीचं तोडलेलं खोड होतं, त्याला बोटभर फुटवा आला होता. तीच वेल की दुसरी, कुणी सांगावं. काडी आणून रुजवली, नर्सरीत वेगळ्या ओळीत लावली. पावसाळ्यात फूल आलं. नर आहे. दर साली तिची नवी काडी धरतो, म्हणजे ती माझ्या हातून जाणार नाही. सर, पत्ता कळला की ओल्या पोत्यात गुंडाळून, मुळांसकट, तुमच्या दारात आणून देईन. मोजायचं तेवढं तुम्ही मोजा.