तेल भरायला उतरलेलं विमान

आमच्या ओतूरकडे बापाला अग्नी थोरला मुलगा देतो आणि आईला धाकटा. मी धाकटा. आई गेली तेव्हा मी युरोपात लेकीच्या घरी होतो. लेकीच्या बाळंतपणासाठी बायको गेली होती. तिच्याबरोबर मीही गेलो होतो, पण तिथे मी कुणाच्याच कामाचा नव्हतो. निवृत्त ग्रंथपालाला बाळंतिणीच्या घरात काय काम असणार? सकाळी थोरल्या भावाचा फोन आला. "आई गेली. शीतपेटी मागवलीय. उद्या दिवस मावळायच्या आत ये. तोवर ठेवतो तिला."

माझा जावई अवसरीच्या कॉलेजात शिकलेला इंजिनिअर. त्याने दोन विमानं शोधली. एक मोठं, आखातात बदलायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईत पोचणारं. दुसरं स्वस्तातल्या एका कंपनीचं, थेट, सकाळीच पोचणारं. "बाबा, थेटच घ्या. अंगाने लहान आहे, पण आता ही विमानंसुद्धा इतक्या लांब जातात," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं, जणू ते विमान त्यानेच बनवलं होतं. मी मान हलवली. तो दोष मी कुणावर ढकलत नाही.

पाहतो तर पूर्वी पुण्याहून दिल्लीला ज्यात बसून गेलो होतो, तेच हे विमान. मधे एकच बोळ, दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या, मागे दोन संडास. दोन तासांच्या प्रवासासाठी केलेली ही पेटी, पोटात जादा टाकी बसवून आता अर्ध्या जगावरून हाकतात. अंतर वाढवलं; माणसाला मात्र गुडघे होते तेवढ्याच जागेत ठेवायला सांगितलं. पाणीसुद्धा विकत. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर निळ्या समुद्राचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, की जग आता तुमच्या जवळ आलं आहे. असलं वाक्य सुचणाऱ्या माणसाला त्या खुर्चीत दहा तास बसवावं, एवढीच शिक्षा मला तेव्हा सुचली.

उजाडताना वैमानिक बोलला. वाटेतल्या एका देशाचं आकाश बंद असल्याने वळसा पडतो आहे, विमान पूर्ण भरलेलं आहे, म्हणून इंधनासाठी उतरावं लागेल. ते आकाश काही त्या पहाटे बंद झालं नव्हतं. आठवडे झाले होते. तिकीट विकताना वळसाही माहीत होता आणि टाकीही. तरी शेवटची खुर्चीसुद्धा रिकामी सोडली नव्हती.

उतरलो ते वाळवंटात. तेल भरून झालं, तोवर वैमानिकांच्या कामाचे तास संपले. नवे वैमानिक दुसऱ्या शहरातून यायचे होते. आम्हाला खाली उतरायची परवानगी नव्हती. बोळात संडासासाठी रांग लागली आणि त्या रांगेतूनच खाऊची गाडी पुढे ढकलत हवाईसुंदरी विचारत होती, नूडल्स घेणार का.

घरी माझा पुतण्या मोबाइलवर विमान कुठे आहे ते सगळ्यांना दाखवत होता. दारात भावकी बसलेली. थांबल्याचं सांगायला मी त्याला फोन लावला, तर चुलत्यांनी तो हातात घेतला.

"काय रं, तेल भराया थांबलं म्हंजी? निघतानाच टाकी फुल करून निघाया काय झालं व्हतं?"

"माणसं जास्त बसवलीत, नाना."

"मग वडापची जीपच की राव ते!"

मागून कुणीतरी म्हणालं, "पावणं, उतरून दुसरी गाडी धरा म्हणावं." त्या सुतकाच्या घरात चार माणसं हसली. मला राग आला नाही. त्या विमानाबद्दल दिवसभरात जे काही बोललं गेलं, त्यात शहाणपणाचं तेवढंच होतं.

दुपारी मी न घेतलेलं ते मोठं विमान मुंबईत उतरलं. मी घड्याळ पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

मग भावाचा फोन आला. आवाज खाली आणलेला. "लाइट दोनदा गेली. पेटी गार राहीना. आत्या कालपासून नुसत्या पाण्यावर हाये, तिला चक्कर आली. दिवस कलला. मान तुझा हाय. तू म्हणल्याबिगर मी मडकं खांद्यावर घेणार न्हाई."

सगळं गाव थांबलं होतं ते माझ्या एका शब्दासाठी. मला तो उच्चारायचा नव्हता. शेजारचा गृहस्थ कानात गाणी घालून झोपला होता आणि त्याचं कोपर माझ्या बरगडीत होतं.

"घे," मी म्हणालो.

"नक्की?"

"घे, भाऊ. उशीर करू नका."

पुतण्याने विचारलं, व्हिडिओ लावू का. नको म्हणालो. आईचं ते शेवटचं त्या जागी बसून, तळहाताएवढ्या काचेत बघायचं, हे मला जमलं नसतं. थोड्या वेळाने नवे वैमानिक आले. संयमाबद्दल आमचे आभार मानले गेले आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. सकाळपासून कोंडून ठेवलेली माणसं कोंडणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत होती.

खिडकीबाहेर ऊन होतं. तिकडे एव्हाना भावाने मडकं घेऊन फेरे घातले असतील, असा अंदाज केला. हात जोडले आणि नमस्काराला वाकलो. पुरतं वाकण्याआधीच कपाळ पुढच्या खुर्चीवरच्या त्या निळ्या समुद्राला टेकलं. तसाच राहिलो. पुढच्या माणसाने मागे वळून सांगितलं, खुर्ची ढकलू नका.